पाना हातात आला, पण जागा कुठाय?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मासेमारीबंदीचे दिवस असतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. खारदांड्याच्या किनाऱ्यावर त्या ओढून, कागद घालून झाकून ठेवलेल्या असतात. कुणी जाळी विणत बसलेलं असतं, कुणी होडीचं इंजिन खोलून सुटे भाग डिझेलने धूत असतं. नेमक्या याच दिवसांत आयटीआयच्या प्रवेशांची गडबड सुरू असते. आणि याच दोन महिन्यांत खारदांड्याच्या एका मुलीला ठरवायचं आहे, की मोटारसायकल मेकॅनिक व्हायचं की नाही.

तिचं नाव इथे देत नाही. तशी तिची अट आहे आणि ती योग्यच आहे. वय एकोणीस, बारावी झालेली, आई बाजारात मासे विकते, वडील आणि भाऊ होडीवर. आमच्या केंद्रात ती किशोरींच्या गटापासून येते. मार्चमधल्या एका संध्याकाळी गटाची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या, तरी ती रेंगाळत राहिली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? मी गॅरेजचं काम शिकले तर चालेल का?"

कुणाला चालेल का, हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी आणि माझ्या सहकारी मैत्रिणी एका सुरात ओरडलो, "अगं, जरूर शीक!" आमच्या डोळ्यांसमोर लगेच पुढच्या ८ मार्चचं पोस्टर उभं राहिलं. खोटं कशाला सांगू?

ती मात्र हसली नाही. तिने वहीतून एक कागद काढला. मधोमध रेघ मारलेली. एका बाजूला 'मॉल, पार्लर, नर्सिंगचा छोटा कोर्स' आणि त्यातून मिळणारे पैसे, जाण्यायेण्याचा वेळ, कामाचे तास. दुसऱ्या बाजूला 'गॅरेज', आणि त्याखाली सगळी प्रश्नचिन्हं. ती आमच्याकडे टाळ्या मागायला आली नव्हती. ती प्रश्नचिन्हं पुसायला मदत मागायला आली होती.

काम तिला नवं नाही. लहानपणी वडिलांबरोबर किनाऱ्यावर बसून तिने इंजिनाचे नट-बोल्ट डब्यात क्रमाने लावले आहेत. भावाची मोटारसायकल बंद पडली की प्लग काढून, घासून, पुन्हा लावणं, चेन ताणणं, क्लचची केबल बदलणं हे ती घरच्या घरी करते. गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे तिथल्या चाचांनी गेल्या दिवाळीत गर्दी होती म्हणून तिला तीन दिवस हाताखाली घेतलं होतं. त्या तीन दिवसांबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो. "ताई, गाडी आजारी असली की आवाजावरून कळतं. टायमिंग चेन सैल झाली की वेगळी वाजते, टॅपेट वेगळे वाजतात. मला ऐकू येतं ते."

आता आमच्या टाळ्यांबद्दल. त्या मला त्या रात्री झोपू देईनात, कारण असं आम्ही एकदा आधीही केलं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गटाने वस्तीतल्या दोन मुलींना दुचाकी दुरुस्तीच्या तीन महिन्यांच्या वर्गाला घातलं होतं. वर्ग संपला, प्रमाणपत्रं मिळाली, ८ मार्चला दोघींना स्टेजवर बोलावून हातात पाने देऊन फोटो काढले. तो फोटो आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. पुढे काय झालं? एकीला उपनगरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात तिला काउंटरवर बसवलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, जॉबकार्ड लिहायचं, चहा घेणार का विचारायचं. मागच्या शेडमध्ये जायचं म्हटलं की "तुला कशाला हात काळे करायचे?" हे प्रेमाने सांगितलं जायचं. वर्षभराने ती शिकलेलं विसरून गेली. दुसरी तीन गॅरेजं फिरली. एकाने ठेवून घेतलं. पण तिथे बाईला जायला संडास नव्हता. सकाळपासून पाणी न पिता ती काम करायची. लघवीच्या जागी जळजळ सुरू झाली, ताप आला, घरच्यांनी काम सोडायला लावलं. आम्हाला हे सारं कळलं ते दीड वर्षाने, तिच्या लग्नाच्या पत्रिकेबरोबर.

आम्ही तेव्हा आपसात काय म्हणालो ते आठवतं. "घरच्यांनी साथ दिली नाही." "तिच्यातच जिद्द कमी पडली." समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली मी, परिस्थिती आणि व्यक्ती यांच्यातला फरक परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली मी, तीही मान हलवत होते.

म्हणून या वेळी टाळ्यांच्या आधी आम्ही तिच्या आईला भेटायला गेलो. बाजार उठायच्या वेळी. मावशी सुरी धूत होती. आम्ही नेहमीची सुरुवात केली, मुलींना सगळी कामं जमतात वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग जिथे बसली होती त्या ओल्या लादीवर हात आपटून म्हणाली, "ही जागा मला माझ्या सासूने दिली. तिला तिच्या सासूने. इथे बसून मी कुणाशी पण भांडते, मला कोण उठवत नाय. पोरीला काम येतंय ते मला ठाऊक हाय. पन तिची जागा कुठाय ते सांगा. तुमी शिकवाल, फोटो काढाल आन् जाल."

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. हा अग्रलेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

आधी एक गैरसमज दूर करू, कारण तो आपल्या बैठकांतही निघतो. मेकॅनिकचं काम ताकदीचं आहे, बायकांना झेपणार नाही, हा तो समज. शंभर-सव्वाशे किलोची मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढवताना हाताने उचलायची नसते. पायाने स्टँड दाबायचा, अंगाचा भार त्यावर टाकायचा, गाडी आपोआप मागे चढते. घट्ट बसलेला नट ताकदीने सुटत नाही. पान्याचा दांडा लांब घेतला की सुटतो. ही तरफेची करामत आहे. डोक्यावर ओल्या माशांची पाटी घेऊन स्टेशनाचे जिने चढणाऱ्या कोळणीला ताकदीबद्दल कुणी शंका विचारत नाही, कारण ते 'बायकांचं काम' आहे. ओझं तेच असलं तरी बाईने यंत्र उघडलं की शंका सुरू होते.

यंत्र आणि बाई यांच्यामध्ये ही भिंत कुणी घातली? १९४८ च्या कारखाने कायद्यात एक कलम होतं, बावीसावं. यंत्र चालू असताना त्याच्या मुख्य चालक भागाची साफसफाई करणं, तेल घालणं, जुळवणी करणं हे काम स्त्रीला किंवा अल्पवयीन कामगाराला करू देऊ नये, असं त्यात लिहिलं होतं. बाई आणि पोर एकाच ओळीत! हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण खरं संरक्षण म्हणजे चालू यंत्रात कुणालाच हात घालायला न लावणं. पुरुषाचा हात काय लोखंडाचा असतो? मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रात्रपाळीची बंदी आली, वाइंडिंग-रीलिंगची खाती यंत्रांनी बदलली, आणि नवं यंत्र आलं की ते पुरुषाकडे गेलं, बाई घरी गेली. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीतली बाई जवळपास दिसेनाशी झाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यात कामगारांच्या हक्कांवर आलेल्या गदेबद्दल आपण वेगळं बोलू. पण स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल, असं आता कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे कागदावरची भिंत पडली. गल्लीच्या तोंडाशी असलेली भिंत मात्र उभीच आहे.

दुचाकीच्या बाबतीत तर ही भिंत फारच गमतीची दिसते. १९७२ मध्ये किनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली आणि पुण्यामुंबईच्या, नाशिक-नगरच्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका, कारकून बायका स्वतःच्या गाडीवर बसल्या. आज खारदांड्यातही पहाटे मासळी आणायला स्कूटरवर जाणारी बाई दिसते. म्हणजे बाईने गाडी चालवलेली चालते. बाईने गाडी बनवलेलीही चालते. पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात डॉमिनार ही जड मोटारसायकल जुळवणाऱ्या लाइनवर स्त्री कामगार होत्या, आणि कंपनीने ते अभिमानाने सांगितलं होतं. २०२१ मध्ये ओला इलेक्ट्रिकने तामिळनाडूतला आपला स्कूटर कारखाना पूर्णपणे स्त्रिया चालवतील असं जाहीर केलं. मग बाई चालवू शकते, बनवू शकते, तर दुरुस्त का करू शकत नाही?

कारण दुरुस्तीत सत्ता आहे. कारखान्याच्या लाइनवर एका हाताला एकच बोल्ट येतो. तिथे शिस्तीत, मान खाली घालून काम करणारी बाई मालकाला सोयीची वाटते. गॅरेजमध्ये अख्खी गाडी समोर असते. काय बिघडलंय हे मेकॅनिक सांगतो, किती पैसे पडतील हे मेकॅनिक सांगतो, आणि गिऱ्हाईक 'बरं' म्हणतं. पुरुषाला त्याच्या गाडीबद्दल बाईने सांगायचं आणि त्याने ऐकायचं! खरी अडचण इथे आहे, ताकदीत नाही.

मग ज्या बायका या कामात गेल्या त्यांना जागा कुठून मिळाली? आम्ही माहीत असलेली उदाहरणं समोर ठेवली. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकची अवजड चाकं उतरवून दुरुस्त करणाऱ्या शांतीदेवी. तेलंगणात कोत्तागुडेमजवळ ट्रकचे टायर आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या आदिलक्ष्मी. दोघींची चित्रं वर्तमानपत्रांतून आपण पाहिली आहेत. दोघीही नवऱ्याबरोबर, घरच्या दुकानात काम करत शिकल्या. त्यांचं कौतुक त्याने जराही कमी होत नाही. पण दार कुठलं होतं ते लक्षात घ्या. ते घरच्या दुकानाचं दार होतं.

दुसरं दार सरकारी नियमाचं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि इंजिन चालवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या घरचं काही रेल्वे इंजिन नव्हतं. लेखी परीक्षा होती, गुण होते, आणि पास झालेल्या बाईला नाही म्हणायला नियमात जागा नव्हती. आपल्या राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हेही दाराचंच काम करतं, पण दोन वर्षांपुरतं. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलं की नाक्यावरच्या गॅरेजला कुठलीही राखीव जागा लागू नाही.

खारदांड्याच्या मुलीच्या घरी गॅरेज नाही आणि गॅरेजची सरकारी परीक्षा नाही. तिच्यासाठी तिसरंच दार हवं. ते दार संघटनेचं असू शकतं, असं आम्हाला वाटतं. पण इथेही सावध राहायला हवं, कारण संघटना भिंतही होऊ शकते. खारपासून हाकेच्या अंतरावर चाललेल्या चित्रपट व्यवसायाचंच उदाहरण घ्या. सिने कॉश्च्यूम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन ही मुंबईची संघटना अनेक दशकं बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड देत नव्हती. बाईने केस विंचरावेत, चेहरा रंगवायचा तो पुरुषाने! चारू खुराना आणि इतर काही जणी कोर्टात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाविरोधी ठरवली. पुरुषांची रोजीरोटी जाईल, हे त्या बंदीमागचं कारण होतं. चेहऱ्याला रंग लावणं तर 'बायकी' काम मानलं जातं ना? पण त्यात पैसा आला, प्रतिष्ठा आली, तेव्हा ते पुरुषाचं झालं. काम बायकी की पुरुषी हे कामावरून ठरत नाही. त्यातून काय मिळतं त्यावरून ठरतं.

आता आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड लाटायला सुरुवात केली. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. या दोन्ही कामांनी आपल्याला एक मोठा धडा दिला, की बाईला नुसतं कौशल्य देऊन भागत नाही. भांडवल, माल, बाजार आणि पाठीशी उभ्या बायका हे सगळं एकत्र लागतं. आपण त्यांच्याकडून पापड आणि पोळी उचलली, शिवणयंत्र उचललं, पुढे पार्लर उचललं. हा धडा मात्र मागे राहिला. आणि जेव्हा आपण 'अपारंपरिक कौशल्यं' म्हणून मुलींच्या हातात पाना, ड्रिल, स्टीअरिंग दिलं, तेव्हा तर आपण फक्त कौशल्यच दिलं. बाकी सगळ्याच्या जागी 'जिद्द' हा शब्द ठेवला.

आमच्या मुलीने मांडलेली प्रश्नचिन्हं आता एकेक करून पाहू, कारण यातली बरीच तुमच्या वस्तीतही असतील.

पहिलं प्रश्नचिन्ह धंद्याचं. हा धंदा टिकेल का? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास गेला, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. विजेच्या स्कूटरला तर प्लग नाही, क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. चाचा म्हणतात, "बेटी, माझं निभावून जाईल, तुझं वायरिंग शिकल्याशिवाय नाही निभावणार." हे खरं आहे. पण यातच एक फटही दिसते. नवी गाडी आली की जुन्या उस्तादालाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. मीटर धरून वायर तपासायची, स्कॅनर जोडून दोषाचा कोड वाचायचा, हे ज्याला आधी येईल तो पुढे. जुन्या गाड्याही अजून पुष्कळ वर्षं रस्त्यावर असणार. तेव्हा शिकायचं तर दोन्ही, असं ठरलं. फक्त पंक्चर आणि ऑइल बदलणं शिकून थांबायचं असेल तर पार्लर बरं, असं ती स्वतःच म्हणाली.

दुसरं प्रश्नचिन्ह शिकण्याच्या पद्धतीचं. गॅरेजमध्ये मुलगे शिकतात ते 'छोटू' म्हणून. पाणी भर, चहा आण, पाना दे, शिव्या खा, आणि चार वर्षांनी कधीतरी इंजिनाला हात लाव. चौदा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे, तरी छोटू गल्लोगल्ली दिसतो. आपल्याला मुलींसाठी छोटू व्हायचा समान हक्क नको आहे. उस्तादाच्या हाताखाली शिकण्यात जे खरं ज्ञान आहे ते हवं, त्यातली गुलामी नको. म्हणून चाचांशी बसून तास, महिन्याची रक्कम, कधी काय शिकवायचं हे साध्या कागदावर लिहून घ्यायचं ठरलं आहे. चाचा हसले, पण हो म्हणाले. त्यांनी त्यांची अडचणही सांगितली. दुरुस्त केलेली गाडी चालवून बघावी लागते. गिऱ्हाइकाच्या गाडीवर कोळीवाड्यातली मुलगी गल्लीबोळांतून चक्कर मारताना दिसली, की संध्याकाळी चाचांना दहा जण विचारणार. यावर आमचं उत्तर एवढंच, की महिनाभर दहा जण विचारतील, सहा महिन्यांनी एकही विचारणार नाही. पण त्या महिन्यात चाचा एकटे पडता कामा नयेत. विचारणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा, असं त्यांना सांगितलं आहे.

तिसरं प्रश्नचिन्ह शरीराचं. ओढणी, बांगड्या, मोकळा शेपटा हे चेन आणि चाकाजवळ खरोखरच धोक्याचं असतं. हा नैतिकतेचा मुद्दा नाही, सुरक्षिततेचा आहे. शर्ट-पँट आणि बांधलेले केस, हे घरी सांगायला आम्ही बरोबर जाऊ. संडासाचा प्रश्न तर मागच्या अनुभवाने शिकवला आहेच. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने जो मुद्दा लावून धरला, तो रोजगाराचाही मुद्दा आहे. ज्या जागी बाईला लघवीला जाता येत नाही ती जागा बाईची होऊ शकत नाही. आमचं केंद्र गॅरेजपासून चार मिनिटांवर आहे. त्याची एक किल्ली तिच्याकडे राहील. एवढीशी किल्ली! मागच्या वेळी आम्हाला ती सुचली नव्हती.

चौथं प्रश्नचिन्ह छळाचं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागी मालकाची तक्रार समिती नसते. पण २०१३ च्या कायद्यानुसार अशा ठिकाणच्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे तिला आणि चाचांना, दोघांनाही, कामाच्या पहिल्या दिवशी सांगायचं. नंतर नाही.

पाचवं, आणि मावशीने लादीवर हात आपटून विचारलेलं, जागेचं. खारसारख्या भागात गाळा घेणं आपल्यापैकी कुणाच्याच आवाक्यात नाही. पदपथावर बसलं तर पालिकेची गाडी येते. २०१४ चा पथविक्रेता कायदा केवळ माल विकणाऱ्यांसाठी नाही, रस्त्यावर सेवा देणाऱ्यांसाठीही आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. तो मार्ग लांबचा आहे, तरी आत्तापासून समजून घ्यायला हवा. पण जागा म्हणजे फक्त चार बाय सहाची लादी नव्हे. मावशीची जागा लादीमुळे टिकलेली नाही. डावीकडची, उजवीकडची, समोरची बाई तिला त्या जागेवर ओळखते म्हणून ती टिकली आहे. कुणी उठवायला आलं तर पन्नास जणी उठतात. गॅरेजमधल्या मुलीच्या डावी-उजवीकडे कोण आहे?

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. आमच्या सगळ्यांच्या स्कूटर, आमच्या बहिणींच्या, शेजारणींच्या, ओळखीच्या शिक्षिकांच्या स्कूटर या गॅरेजमध्ये जातील आणि 'तिच्याच हातून करून द्या' असं आम्ही सांगू. सुरुवातीला वेळ जास्त लागेल, एखादा स्क्रू सैलही राहील. पुरुष मेकॅनिकची पहिली शंभर कामं कुणी मोजली होती? एकटीला पाठवायचं नाही, दुसरी मुलगी शोधायची. एकटी मुलगी ही बातमी होते, दोघी असल्या की तो कामगारांचा गट होतो. पान्यांच्या पेटाऱ्यासाठी गटाच्या बचतीतून कर्ज द्यायचं, देणगी नाही, म्हणजे पेटारा तिचा राहील. आणि एक वर्षभर तिचा फोटो काढायचा नाही. ८ मार्चलासुद्धा नाही.

शेवटचं सांगते आणि हे सांगायला जड जातं आहे. ती कदाचित हे काम करणार नाही. कागदावरची रेघ तशीच आहे, आणि पार्लरच्या बाजूचे आकडे आजही सरळ आणि खात्रीचे आहेत. तिने ते निवडलं तर तो तिचा निर्णय. सहा महिन्यांनी सोडलं तरीही तो तिचाच. मुलग्याने गॅरेज सोडून रिक्षा धरली तर कुणी म्हणत नाही की पुरुषजातीला यंत्र जमत नाही. आपल्या मुलींनाही एखादं काम सोडायचा साधा हक्क हवा, अख्ख्या स्त्रीजातीची हार त्यांच्या पदरात न बांधता. निर्णय तिचा आहे. पण ती कशातून निवड करणार, ते पर्याय तयार करणं ही आपली जबाबदारी आहे. 'जिद्द ठेव' म्हणून ती तिच्याच अंगावर टाकता येणार नाही.

सध्या ती दुपारी चाचांकडे जाते. सकाळी किनाऱ्यावर वडिलांच्या होडीचं इंजिन उघडलेलं आहे, तिथे हात काळे करते. आयटीआयचा अर्ज भरला आहे. मावशीने हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. "नारळी पौर्णिमेपर्यंत बघू," एवढंच म्हणाली. होड्या समुद्रात जातील तेव्हा ठरेल.

तुमच्या गटाने अशा कामांत मुलींना घातलं असेल तर आम्हाला लिहा. ज्या टिकल्या त्यांच्याबद्दल लिहाच, पण ज्या सोडून गेल्या त्यांच्याबद्दल आधी लिहा. त्या का गेल्या, कुठे गेल्या, आपण तेव्हा कुठे होतो? त्या पत्रांसाठी पुढच्या अंकाची चार पानं राखून ठेवली आहेत. आणि विलेपार्ल्यापासून वांद्र्यापर्यंत राहणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्या स्कूटरची सर्व्हिसिंग राहिली असेल, तर अजून थोडे दिवस थांबा.